थोरल्यांचं ग्रहयंत्र

आमच्या गावात एकच मोठा माणूस होऊन गेला, आणि तोही तीनशे वर्षांपूर्वी जन्मलेला. वैद्य, गणिती, भिंगं घासणारा, घड्याळं जुळवणारा, दोन पूल बांधणारा आणि फावल्या वेळात कविता करणारा. कविता वाईट आहेत, पण त्या सगळ्या फक्त मीच वाचल्यामुळे ही बातमी अजून बाहेर फुटलेली नाही. गावात सगळे त्यांना ‘थोरले’ म्हणतात. त्यांच्यानंतर इथे कोणी थोर झालंच नाही, त्यामुळे थोरले म्हणजे कुठले, असं कुणी विचारत नाही.

मी त्यांच्या स्मारक-संग्रहालयाचा प्रमुख. प्रमुख म्हणजे तिकीट मीच फाडतो, माहिती मीच सांगतो आणि नळ गळायला लागला की प्लंबरला फोनही मीच करतो. आमची ही मला ‘धाकटे’ म्हणते. “चला धाकटे, जेवण झालंय.” पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी मनातून फुललो होतो. ते कौतुक नव्हतं हे कळायला मला चार वर्षं लागली. उशिरा कळणं हा माझा जुना आजार आहे आणि ही गोष्ट त्या आजाराचीच आहे.

संग्रहालयातली सातव्या क्रमांकाची वस्तू म्हणजे ग्रहयंत्र. हे नाव मी ठेवलं. बावीस वर्षांपूर्वी मी नोकरीला लागलो तेव्हा माळ्यावरच्या एका पेटीत ते सापडलं. पेटीवर कुणा वारसाने लिहिलं होतं, ‘स्वयंपाकघरातलं किरकोळ’. मला त्या वारसाची कीव आली. आत पितळेचं कडं, त्याच्या आत कडं, त्याच्या आत आणखी एक कडं. प्रत्येक कडं बाहेरच्या कड्यात खिळींवर फिरणारं. सगळ्यांत बाहेरच्या कड्याला लाकडी मूठ, आणि सगळ्यांत आतल्या कड्यापासून निघालेल्या तीन काड्यांच्या टोकाला मुठीएवढा भरीव पितळी गोळा. मी बघताक्षणी ओळखलं की गोळा म्हणजे सूर्य आणि कडी म्हणजे ग्रहांच्या कक्षा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझी तर अख्खी काचपेटी भरली.

एक अडचण होती. मूठ स्टँडमध्ये घट्ट बसवून मी सूर्य वर करून ठेवला की यंत्र हळूच फिरायचं आणि सूर्य खाली जायचा. पुन्हा वर केला, पुन्हा खाली गेला. दुसरा एखादा शहाणा तिथेच थांबला असता. मी तांब्याची तार आणली आणि सूर्याला वर बांधून टाकलं.

त्यावर मी पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रकरण दिव्याच्या खुणेवर आहे. थोरले आपल्या प्रत्येक वस्तूवर एक छोटा दिवा कोरायचे. ग्रहयंत्राच्या आतल्या कड्यावरही तो आहे, मात्र त्याची ज्योत खाली. ज्योत खाली जात नाही हे चूल पेटवणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं, पण मी त्यावर सोळा पानं लिहिली: ज्ञान स्वर्गातून पृथ्वीकडे उतरतं, वगैरे. गावाला ते इतकं आवडलं की शाळेच्या बिल्ल्यावर आणि नगरपालिकेच्या पाटीवर उलटा दिवा आला. दुसरं प्रकरण थोरल्यांच्या शेवटच्या दहा वर्षांतल्या अक्षरावर आहे. ते अक्षर करवतीच्या दात्यांसारखं वाकडंतिकडं झालं होतं. ती सांकेतिक लिपी आहे असं मी ठरवलं आणि तीन वर्षं उलगडत बसलो. शेवटी त्यातून ‘आज ताप उतरला’ एवढंच निघालं. हे वाक्यही सांकेतिक असावं, अशी तळटीप मी दिली आहे.

यंदा थोरल्यांची त्रिशताब्दी. नगराध्यक्षांनी चौकात ग्रहयंत्राची बारा फुटी ब्राँझची प्रतिकृती उभारायचं ठरवलं. काम एका शिल्पकार बाईंकडे होतं. त्या दोनदा मला भेटायला आल्या.

“सर, हे वरून फार जड आहे,” त्या म्हणाल्या. “असं उभं राहणारच नाही. मूळ यंत्र कसं उभं राहतं?”

“थोरल्यांच्या बुद्धीचा चमत्कार,” मी म्हणालो. तारेबद्दल मी चकार शब्द काढला नाही. बाईंनी मान हलवली आणि आतून लोखंडी गज घातला.

रविवारी अनावरण होतं. त्याच दिवशी माझा सन्मान होता, आणि मी अकरा पानांचं भाषण लिहून पाठ करत होतो. गुरुवारी सकाळी ही चहाचा कप माझ्यापुढे आदळून म्हणाली, “अहो, सगळ्या गावाला निमंत्रणं वाटलीत. माझ्या बापाला मात्र तुमचं संग्रहालय तीन वर्षांत एकदा दाखवावंसं वाटलं नाही.”

ते खरं होतं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे राहतात. एकतीस वर्षं जहाजावर आचारी होते. चाळीस-पन्नास माणसांचं रांधून घालणारा माणूस आता आपल्या खोलीत दार लावून एकटा जेवतो. त्यांचे हात हलतात. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो. “आचारी सगळ्यांच्या मागून एकटाच जेवतो, मला सवय आहे,” असं ते सांगतात. ही रोज ताट दाराशी ठेवते, रिकामं ताट उचलते आणि नंतर स्वयंपाकघरात उगाचच भांडी वाजवते. मी या विषयात पडत नसे. माझा विषय आकाश होता, आणि स्वयंपाक्याला ग्रहताऱ्यांतलं काय कळणार, हे मी मोठ्याने कधी बोललो नसलो तरी मनात पक्कं होतं.

त्या दुपारी आप्पांना नेलं. दोन्ही हात कोटाच्या खिशात घालून ते माझ्या मागे चालत होते. भिंगं दाखवली, घड्याळं दाखवली, पुलांचे नकाशे दाखवले. प्रत्येक ठिकाणी ते “वा” म्हणत. सातव्या क्रमांकापाशी मी घसा साफ केला. बोलायला सुरुवात करणार तोच ते म्हणाले, “जावईबापू, हे उलटं आहे.”

“काय?”

“हे. पालथं टांगलंय.”

शाळेची सहल आली की मी जे हसू ठेवणीतून काढतो ते काढलं. “आप्पा, तो सूर्य आहे.”

“असेल. पण वजन खाली असतं. बोटीवरची शेगडी अशीच कड्यांमध्ये टांगलेली असते. बोट इकडे कलू दे, तिकडे कलू दे, पातेलं सरळ राहतं. खालच्या वजनामुळे.” ते काचेला नाक लावून बघत होते. “ही तार कुणी बांधली?”

“मी.”

“का?”

“सारखं उलटं व्हायचं म्हणून.”

आप्पा वाकून तारेचा पीळ बघत राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी खिशातून किल्ल्या काढल्या, का ते मला अजून सांगता येत नाही. बहुधा त्यांची खोड मोडायची होती. काचपेटी उघडली आणि पक्कडीने तार तोडली. सूर्य हलला, बाजूने वळला आणि खाली जाऊन शांत झाला. बावीस वर्षं अवघडून निजलेल्या माणसाने एकदाची कूस बदलावी तसा. आतल्या कड्यावरचा दिवा सुलटा झाला, ज्योत वर.

“आतल्या कड्यात काहीतरी बसत असणार,” आप्पा म्हणाले आणि इकडेतिकडे बघू लागले. “ती वाटी बघू.”

ती बाराव्या क्रमांकाची वस्तू, त्याच पेटीत सापडलेली. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, ‘औषध खलण्याची वाटी, काठ विचित्र’. वाटी कड्यात ठेवली तर तो विचित्र काठ कड्यावर चपखल बसला. आप्पांनी मला पिण्याच्या नळाचं पाणी भरून आणायला लावलं. मग ते दारापर्यंत जाऊन आले. दालनात दुसरं कोणी नाही याची खात्री केली आणि उजवा हात खिशातून बाहेर काढला.

तीन वर्षं एका घरात राहून तो हात मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होतो. बोटं आपली आपण हलत होती. त्यांनी मूठ धरली तशी मूठ हलायला लागली, बाहेरचं कडं हललं, मधलं डुललं, आणि वाटी जागच्या जागी. पाणी काठापर्यंत येऊन परत जात होतं. आप्पांनी वाटी ओठांना लावली आणि सगळी संपवली.

“अजून आणा,” ते म्हणाले.

ते तीन वाट्या पाणी प्यायले. मग मनगटाने तोंड पुसून विचारलं, “हा माणूस बोटीवर होता का?”

“नाही. आयुष्यभर इथेच.”

“मग त्याचाच हात हलत असणार.”

माझ्या डोळ्यांपुढे ते करवतीसारखं अक्षर आलं. ‘आज ताप उतरला.’ सांकेतिक लिपी! म्हाताऱ्याचा हात कापत होता, बस. एवढा मोठा माणूस, स्वतःला धड पाणी पिता येईना म्हणून त्याने हे करून घेतलं, आणि मी त्याच्या वाटीतून सूर्यमाला काढली.

असा प्रसंग आला की माणसाच्या मनात काहीतरी उदात्त यावं अशी अपेक्षा असते. माझ्या मनात आलं, रविवार. बारा फुटी ब्राँझ. माझं पुस्तक, माझा सन्मान, माझी अकरा पानं.

“आप्पा,” मी म्हणालो, “रविवारपर्यंत हे कुणाला सांगू नका.”

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “बरं,” म्हणाले. त्यांनी स्वतः वाटी धुतली, रुमालाने पुसली आणि बाराव्या क्रमांकावर नेऊन ठेवली. मी सूर्याला पुन्हा वर बांधलं. जुनी तार तुटली होती, म्हणून नवी आणली.

घरी आल्यावर हिने विचारलं, “कसं वाटलं, आप्पा?”

“छान आहे. पाणी चांगलं आहे तिथलं,” ते म्हणाले, ताट घेतलं आणि खोलीचं दार लावलं.

शुक्रवार-शनिवार मी स्वतःची समजूत घालत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोहळा होऊन जाऊ दे, मग सावकाश एक लेख लिहू, ‘ग्रहयंत्र: काही नवे विचार’, कुणी वाचणारही नाही. आप्पांना घरी अशीच एखादी वाटी करून देऊ, गुपचूप. किती व्यवहारी विचार होता! त्यात एकच खोट होती. ती वाटी घेऊनही आप्पा दार लावूनच जेवले असते, कारण गुपचूप दिलेली वस्तू माणूस गुपचूपच वापरतो. पण हे मला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी चौक माणसांनी भरला. कापडाखाली बारा फुटी यंत्र, मांडवात खुर्च्या, व्यासपीठावर मी आणि नगराध्यक्ष. पहिल्या रांगेत ही आणि आप्पा. नगराध्यक्ष बोलत होते, “आमच्या सरांची दृष्टी नसती, तर ग्रहयंत्र आजही स्वयंपाकघराच्या अडगळीत पडलं असतं!” टाळ्या झाल्या. मी मान लववली.

पहिल्या रांगेत चहा फिरत होता. आप्पांपुढे ट्रे आला. “नको, आत्ताच घेतला,” ते म्हणाले. ते खोटं होतं. सकाळी हिने ठेवलेला कप तसाच होता, धुतलेल्या सदऱ्यावर डाग पडायला नको म्हणून. ऊन वाढलं, पाण्याची बाटली फिरली. तीही त्यांनी हसून शेजारच्याला दिली आणि जिभेने ओठ ओले केले. हिने मान खाली घातली. तिथून वीस पावलांवर, माझ्या कुलपात, ती वाटी होती आणि माझ्या तारेने बांधलेलं ते यंत्र होतं.

“...आता सरांना विनंती करतो...”

मी उठलो, माइकपाशी गेलो, “एक मिनिट” म्हणालो आणि व्यासपीठावरून उतरून चालू लागलो. लोकांना वाटलं, घाईची लागली. मी संग्रहालयात गेलो, तार तोडली, यंत्र आणि वाटी काखोटीला मारून परत आलो.

“हे ग्रहयंत्र नाही,” मी माइकवर म्हणालो. “ही पाणी प्यायची वाटी आहे. थोरल्यांचा हात कापायचा, म्हणून त्यांनी केली. बावीस वर्षं मी ती उलटी टांगून ठेवली होती. सरळ व्हायला बघायची, म्हणून बांधून ठेवली होती. हे मला माझ्या सासऱ्यांनी गुरुवारी सांगितलं, आणि त्यांना गप्प बसायलाही मीच सांगितलं.”

मी पुढे म्हणालो, “आप्पा, जरा वर या, लोकांना दाखवू.”

आप्पा बसल्या जागेवरून म्हणाले, “मी कशाला? मी काय आठव्या नंबरची वस्तू आहे?”

लोक हसले. त्यांचं बरोबर होतं. कबुली माझी आणि हात दुसऱ्याचा, ही माझी जुनी रीत. मग मीच वाटीत पाणी ओतलं आणि मूठ धरली. माझा हात चांगला धडधाकट, प्रयोगाच्या काही कामाचा नाही, असं वाटलं होतं. पण समोर सगळं गाव, शेजारी नगराध्यक्ष, पलीकडे कापडाखाली ती बारा फुटी चूक. माझा हात असा काही लटलटायला लागला की कड्यांचा आवाज माइकवरून चौकभर ऐकू गेला. आणि वाटी शांत होती. सगळ्यांनी बघितलं. मी पाणी प्यायलो, थेंबही सांडला नाही.

नगराध्यक्ष माझ्या कानाशी आले. “सर, म्हणजे ते बाहेरचं...”

“उलटं आहे.”

“बारा फूट?”

“बाराच्या बारा.”

तिसऱ्या रांगेतून शिल्पकार बाई ओरडल्या, “तरी मी विचारत होते!” आणि मग चौक हसला. मोकळं, पोट धरून. मी माझ्या आयुष्यात इतक्या लोकांना एकदम हसवलं नव्हतं. तिथेच जमीन दुभंगून आत जावं असं वाटलं, पण ती आपल्या सोयीने दुभंगत नाही.

हसू ओसरत होतं तेव्हा मागून एक बाई पुढे आल्या. टायपिंगच्या बाई, अर्ध्या गावाला त्यांनी शिकवलं. गुडघे दुखतात म्हणून क्लास बंद केला, असं सांगायच्या. त्या त्याच गुडघ्यांनी तरातरा पायऱ्या चढल्या. “बघू,” म्हणाल्या आणि हात पुढे केला. हात हलत होता. त्या पाणी प्यायल्या, वाटीकडे बघत राहिल्या आणि पुन्हा म्हणाल्या, “बघू.” त्यांच्यामागून न्हावी आला. डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याने दोन वर्षांपूर्वी दुकान सोडलं होतं. मग निवृत्त पोस्टमन. मग आमच्याच गल्लीतल्या काकू, ज्या कुणाच्या घरी काही घेत नाहीत, ‘पथ्य आहे’ म्हणतात. एकूण सात जण झाले. सातही जणांना मी वर्षानुवर्षं ओळखत होतो आणि सातही जणांची सांगितलेली कारणं मला पाठ होती. त्यांच्यावरच्याही चिठ्ठ्या मी चुकीच्याच लावल्या होत्या.

मी एकटा वाटी भरतोय, धुतोय, पुसतोय, अशी तारांबळ उडाली होती. तेवढ्यात कुणी न बोलावता आप्पा वर आले. त्यांनी माझ्या हातातून पाण्याचा जग घेतला. “सरका. माणसांना वाढायचं काम तुम्हाला जमणार नाही,” म्हणाले, आणि ओतायला लागले. तिसरा हिस्सा टेबलावर जात होता, थोडा माझ्या बुटांवर. “रांगेने या, रांगेने,” ते खणखणीत आवाजात म्हणाले. जहाजावर असेच ओरडत असणार. ही खाली बसून रडत होती आणि हसतही होती.

नगराध्यक्षांनी शेवटी दोरी स्वतःच ओढली. “आणलंय तर बघून घ्या,” म्हणाले. पोरं माना वाकड्या करून ते सरळ बघायचा प्रयत्न करत होती. शिल्पकार बाई म्हणाल्या, आठ दिवसांत उलटवून देते, आता गजही लागणार नाही. माझं सन्मानपत्र नगराध्यक्षांनी गुंडाळून काखेत धरलं होतं. ते पुन्हा काही दिसलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दुपारी सभागृहात जेवण होतं. लांबच लांब टेबलं. मी ताटली घेऊन खांबाजवळ उभा राहिलो. कुणी चिडलं नव्हतं. येणारा जाणारा फक्त मान वाकडी करून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. भूक मेली होती. आज ना उद्या शाळेचे बिल्लेही बदलावे लागणार, तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा होणार, असा हिशोब मी करत होतो.

आप्पा मधल्या टेबलावर भर गर्दीत बसले होते. यंत्र टायपिंगच्या बाईंकडे होतं, त्या ते सोडायला तयार नव्हत्या. आप्पांपुढे साधा वाडगा, साधा चमचा. सूप सांडत होतं, टेबलावर, बाहीवर, त्या धुतलेल्या सदऱ्यावर. ते खात होते आणि शेजारच्या न्हाव्याला सांगत होते की यात मिरपूड नंतर घालायला हवी होती.

त्यांची नजर माझ्यावर पडली.

“जावईबापू, उभ्याने काय जेवताय? या इकडे,” त्यांनी हाक मारली. “डावीकडे बसा. उजवीकडे अंगावर सांडतं.”

मी गेलो आणि उजवीकडे बसलो.